आधी मफिन, दूध नंतर

माझी मुलगी दहा महिन्यांची असताना दहीभाताच्या दुसऱ्या घासाला तिच्या गालावर पित्ताच्या गांधी उठल्या. पाच मिनिटांत पापण्या सुजल्या आणि तिला उलटी झाली. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी हे नाव आमच्या घरात त्या दिवशी आलं. पुढची साडेतीन वर्षं दूध, दही, लोणी, पेढा, पनीर सगळं बंद होतं. मग तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "हिला दूध घालून बेक केलेला मफिन सोसतो का, ते बघूया का?" मला तो प्रश्नच कळला नाही. जे दूध चमचाभर चालत नाही, ते मफिनमधून कसं चालेल?

बऱ्याच मुलांना ते चालतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या डॉ. अ‍ॅना नोव्हाक-वेंग्झिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या १०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६८ मुलांना बेक केलेलं दूध सोसलं, पण साधं दूध सोसलं नाही. ९ जणांना दोन्ही सोसलं. उरलेल्या २३ जणांना मफिन किंवा वॉफलनेही त्रास झाला आणि त्यांतल्या साधारण तिघांमागे एकाला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागलं. पुढची सगळी कृती या दोन आकड्यांवर उभी आहे. ६८ जणांमुळे प्रयत्न करायचा आणि २३ जणांमुळे पहिला घास घरी द्यायचा नाही.

हे घडतं कसं

दूध फाडलं की चोथा वेगळा होतो आणि निवळी उरते. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं, ते मुख्यतः चोथ्यात जातं. उरलेली २० टक्के निवळीतली प्रथिनं. निवळीतली प्रथिनं उष्णतेला नाजूक असतात. बराच वेळ तापवल्यावर त्यांची घडी उलगडते आणि अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांना त्यांचा ओळखीचा आकार सापडत नाही. केसीन मात्र उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ज्या मुलांच्या शरीराने केसीनविरुद्ध जोरदार प्रतिपिंडं तयार केलेली असतात, त्यांना बेक केलेल्या दुधाचाही त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

दुसरं काम मैदा करतो. भट्टीत दुधातली प्रथिनं गव्हाच्या ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतात आणि पोटात एकदम मोकळी होत नाहीत. म्हणजे मफिन सोसण्यामागे तीन गोष्टी एकत्र असतात: पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ आणि पिठाचं जाळं. यातली एक निसटली, तरी पदार्थ वेगळा झाला असं समजा.

पायरी १: अ‍ॅलर्जीचा प्रकार लिहून घ्या

डॉक्टरांकडून हे कागदावर लिहून घ्या. कारण प्रकारावर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

- तत्काळ प्रकार (आयजीई): दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत पित्त उठणं, ओठ किंवा पापण्या सुजणं, उलटी, खोकला, धाप. या मुलांनी मफिनची पहिली परीक्षा रुग्णालयातच द्यायची.
- उशिरा दिसणारा प्रकार: काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी शौचातून शेम-रक्त, जुलाब, इसब वाढणं. सौम्य ते मध्यम त्रास असेल, तर डॉक्टर घरीच टप्प्याटप्प्याने सुरुवात करायला सांगू शकतात.
- एफपीआयईएस: दूध दिल्यावर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या, मूल पांढरंफटक आणि गळून गेलेलं. अंगावर पित्त नसतं, म्हणून हा प्रकार पोट बिघडल्यासारखा वाटतो. घरी प्रयोग करू नका.

दुधातली साखर न पचणं, म्हणजे लॅक्टोज न सोसणं, हा वेगळा आजार आहे. अ‍ॅलर्जी प्रथिनांची असते, म्हणून लॅक्टोजमुक्त दूध या मुलांना तितकंच धोक्याचं आहे. 'ए टू' दूध, म्हशीचं दूध आणि शेळीचं दूध यांतली प्रथिनंही गाईच्या दुधाशी इतकी जुळतात की पर्याय म्हणून ती देता येत नाहीत.

पायरी २: उकळलेलं आणि बेक केलेलं यांची गल्लत थांबवा

आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. त्यामुळे "आम्ही तर नेहमी उकळूनच देतो" हे वाक्य प्रत्येक घरात निघतं. उकळताना तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं आणि पिठाचं जाळं नसतं. आपल्या स्वयंपाकघरातले काही पदार्थ या कसोटीवर तपासून बघा.

- बासुंदी, पेढा, खवा: आटवताना पाणी उडून जातं, प्रथिन पातेल्यातच राहतं. म्हणून चमच्यामागे प्रथिन वाढतं. हे पदार्थ पूर्ण बंद.
- खरवस: चिकाच्या दुधात निवळीतली प्रथिनं भरपूर असतात आणि ते नुसतं वाफवलेलं असतं. खूप धोक्याचा.
- दशमी: पीठ दुधात भिजवलेलं असलं, तरी तव्यावर ती काही मिनिटंच असते. मफिन सोसला म्हणून दशमी आपोआप चालत नाही.
- गुलाबजाम: मैदा असतो, पण खव्यापुढे तो नावापुरता. शिवाय तळण थोडा वेळच.
- नानकटाई: पारंपरिक नानकटाईत तूप किंवा वनस्पती तूप असतं, दूध नसतं. तुपात प्रथिन अगदी थोडं असतं. मुलाने नानकटाई खाल्ली म्हणून त्याला बेक केलेलं दूध सोसतं, हे सिद्ध होत नाही.

पायरी ३: डॉक्टरांशी तारीख ठरवा

त्वचेवरची चाचणी आणि रक्तातली केसीनविरुद्धची प्रतिपिंडं यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. अंतिम उत्तर मात्र देखरेखीखाली खाऊनच मिळतं. तारीख ठरवण्याआधी हे विचारा:

१. मुलाला दमा असेल, तर तो पूर्ण आटोक्यात आहे का? नसेल, तर परीक्षा पुढे ढकला.
२. सर्दी-पित्ताची औषधं किती दिवस आधी थांबवायची? ती चालू राहिली, तर सुरुवातीची लक्षणं झाकली जातात.
३. मफिन घरून आणायचा का, आणि कोणत्या कृतीने?
४. अंडं किंवा गहू यांचीही अ‍ॅलर्जी आहे का? गहू चालत नसेल, तर खालची कृती लागू पडत नाही. तांदळाच्या पिठात ग्लुटेनचं जाळं नसतं.

पायरी ४: साहित्य आणि साधनं

माझ्या सासूबाई वयाच्या दहाव्या वर्षापासून स्वयंपाक करतात आणि त्यांनी कधी काही मोजलेलं नाही. हाताचा अंदाज हे त्यांचं वैभव आहे. या एका पदार्थासाठी तो बाजूला ठेवायची विनंती मला करावी लागली. मफिन इथे औषधासारखा आहे, त्याची मात्रा ठरलेली आहे.

साधनं: डिजिटल वजनकाटा, मापाचे चमचे, मिलिलिटरच्या खुणा असलेलं भांडं, ओटीजी किंवा कन्व्हेक्शन ओव्हन, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर, ६ खोल साचे. नुसत्या मायक्रोवेव्हवर किंवा मीठ घातलेल्या कुकरमध्ये हा मफिन करू नका. तिथे आतलं तापमान किती होतं, ते कळत नाही.

साहित्य (६ मफिन):

- मैदा १६० ग्रॅम
- गाईचं दूध २४० मिलिलिटर
- साखर १०० ग्रॅम
- तेल २ मोठे चमचे (३० मिलिलिटर)
- बेकिंग पावडर २ लहान चमचे
- मीठ पाव लहान चमचा
- व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा
- अंडं १, मुलाला चालत असेल तरच. नाही तर दीड मोठा चमचा पाणी, दीड मोठा चमचा तेल आणि १ लहान चमचा बेकिंग पावडर एकत्र फेटून.

दुधाच्या पिशवीवर 'गाईचं दूध' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. म्हशीच्या दुधात प्रथिन जास्त असतं, मिश्र दुधात किती ते पिशवीगणिक बदलतं. गाईच्या २४० मिलिलिटर दुधात साधारण ८ ग्रॅम प्रथिन असतं. सहा मफिन केले की प्रत्येकात सुमारे १.३ ग्रॅम येतं. माउंट सायनायच्या परीक्षेतल्या मफिनमध्येही एवढंच होतं.

पायरी ५: मफिन करा

१. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापवा. थर्मामीटरवर तो आकडा दिसेपर्यंत थांबा. ओटीजीची कळ आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो.
२. मिश्रणाचं रिकामं भांडं वजनकाट्यावर ठेवून त्याचं वजन लिहा.
३. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळा.
४. दुसऱ्या भांड्यात दूध, साखर, तेल, इसेन्स आणि अंडं (किंवा त्याचा पर्याय) साखर विरघळेपर्यंत फेटा. दूध मोजलेल्या भांड्यात तळाशी थेंब राहू देऊ नका.
५. ओलं मिश्रण वजन केलेल्या भांड्यात घ्या, त्यात मैदा घालून गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. पीठ एकसारखं झालं पाहिजे, नाही तर एका मफिनमध्ये दूध जास्त आणि दुसऱ्यात कमी जाईल.
६. भरलेल्या भांड्याच्या वजनातून रिकाम्याचं वजन वजा करा, सहाने भागा. येईल तेवढं पीठ वजन करून प्रत्येक साच्यात घाला. साधारण ९५ ते १०० ग्रॅम येतं, म्हणून साचे खोल हवेत. साचे लहान असतील, तर आपल्या मनाने बारा मफिन करू नका. प्रत्येकातलं प्रथिन निम्मं होईल. आधी डॉक्टरांना विचारा.
७. मधल्या कप्प्यात ३० ते ३५ मिनिटं भाजा. ३० मिनिटांआधी बाहेर काढू नका, वरून रंग आला तरी.
८. मधोमध सुरी खुपसून बघा, ती कोरडी निघाली पाहिजे. एक मफिन मधून कापा. गाभा चिकट, ओला किंवा गच्च असेल, तर तो घाणा या कामाचा नाही. घरातल्या ज्यांना दूध चालतं त्यांनी खावा.
९. पूर्ण गार झाल्यावर एकेक मफिन वेगळा गुंडाळून तारीख लिहा. फ्रीजरमध्ये ते महिनाभर टिकतात.

पायरी ६: रुग्णालयातला दिवस

मूल त्या दिवशी ठणठणीत हवं. ताप, खोकला, जुलाब किंवा अंगावर इसब फुललेलं असेल, तर तारीख बदला. दोन मफिन न्या, एक पडला-सांडला तर दुसरा हाताशी राहतो. कृती आणि मापं लिहिलेला कागद डॉक्टरांना दाखवा. आवडतं खेळणं, गोष्टीचं पुस्तक आणि कपड्यांचा जादा जोड घ्या.

मफिन एकदम देत नाहीत. आधी अगदी छोटा तुकडा, मग ठरावीक अंतराने वाढत जाणारे तुकडे. आमच्या वेळी दर वीस मिनिटांनी एकेक दिला. प्रत्येक तुकड्याआधी त्वचा, श्वास, नाडी आणि रक्तदाब बघतात. शेवटच्या घासानंतर निदान दोन तास तिथेच थांबायचं. मूल खायला नाही म्हणालं, तर जबरदस्ती करू नका, पण ते नर्सला लगेच सांगा. घशात खाज सुटली की लहान मुलं कधी कधी फक्त तोंड फिरवतात.

त्रास झाला, तर मूल नापास झालं असं मनात आणू नका. आज बेक केलेलंही नको, एवढंच त्या दिवशी कळतं. डॉक्टर पुढच्या तपासणीची वेळ सांगतील, तोवर दूध पूर्ण बंद.

पायरी ७: पास झाल्यावरचा रोजचा क्रम

डॉक्टर जेवढं सांगतील तेवढंच द्या, आणि ते नेमाने द्या. माउंट सायनायच्या अभ्यासात मुलं दिवसातून एक ते तीन वेळा असे पदार्थ खात होती. त्या मुलांचा पुढचा मागोवा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मागोव्यात राहिलेल्या, सुरुवातीला बेक केलेलं सोसणाऱ्या ६५ मुलांपैकी ३९ जणांना साधारण तीन वर्षांत साधं दूधही सोसू लागलं होतं. सुरुवातीला त्रास झालेल्या २३ जणांमध्ये मात्र फक्त दोघांना. मफिनमुळेच अ‍ॅलर्जी गेली असं यावरून ठाम म्हणता येत नाही. ज्यांना बेक केलेलं सोसतं, त्यांची अ‍ॅलर्जी मुळातच सौम्य असू शकते. पण पालक म्हणून मला एवढं पुरेसं होतं: मुलीचं खाणं मोकळं होतंय आणि वाट पुढे जाते आहे.

रोजची पथ्यं:

- मफिन दर वेळी त्याच मापांनी, तितकाच वेळ भाजलेला.
- ताप, उलट्या-जुलाब किंवा दम्याचा जोर असताना काय करायचं, ते आधीच लिहून घ्या. बहुतेक डॉक्टर थांबायला सांगतात. काही दिवसांचा खंड पडला, तर पुन्हा सुरू करण्याआधी फोन करा.
- खाल्ल्यावर लगेच पळापळ, पोहणं किंवा खेळाचा तास नको. व्यायामाने आणि तापाने त्रासाचा उंबरठा खाली येऊ शकतो.
- शाळेच्या डब्यात सुरुवातीचे काही आठवडे मफिन देऊ नका. घरी, आपल्या नजरेसमोर द्या.
- एक वही ठेवा: तारीख, किती खाल्लं, किती वाजता, नंतर दोन तासांत काही दिसलं का.

बाहेरच्या बेकरीचे पदार्थ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. वेष्टनावर दूध घटकांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर किंवा त्याखाली असेल, तर प्रमाण कमी असतं, हा माउंट सायनायचा नियम उपयोगी आहे. भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध हा अ‍ॅलर्जीकारक घटक वेष्टनावर वेगळा जाहीर करावा लागतो. हिरवा ठिपका पाहून फसू नका, तो शाकाहाराचा आहे, दूध नसल्याचा नाही. क्रीमची बिस्किटं टाळा. बिस्किट भाजलेलं असतं, पण आतल्या क्रीममधली दूध पावडर कच्चीच असते. केकवरचं आयसिंग आणि दुधाच्या चॉकलेटचे तुकडे यांचंही तेच. सुट्या खारी-टोस्टवर घटकच लिहिलेले नसतात.

पायरी ८: पुढच्या पायऱ्या

तत्काळ प्रकारात निदान सहा महिने मफिन नीट सोसल्यावर डॉक्टर पुढची परीक्षा ठरवतात. माउंट सायनायला दुसरा टप्पा बेक केलेल्या चीजचा होता: २२० अंशांना १३ मिनिटं भाजलेला पिझ्झा, त्यात ४.६ ग्रॅम दुधाचं प्रथिन. म्हणजे प्रथिन साडेतीन पट आणि भाजणं निम्म्याहून कमी वेळ. ही परीक्षाही रुग्णालयातच. साधं दूध शेवटी येतं.

उशिरा दिसणाऱ्या सौम्य प्रकारासाठी ब्रिटनमध्ये २०१३ साली १२ पायऱ्यांची 'मिल्क लॅडर' मांडली गेली आणि २०१७ मध्ये ती ६ पायऱ्यांवर आणली: बिस्किट, मफिन, पॅनकेक, चीज, दही आणि शेवटी दूध. ती घरी चढता येते, पण डॉक्टरांनी आपल्या मुलाचं नाव घेऊन 'हो' म्हटल्यावरच. एका पायरीवर त्रास झाला, तर खालच्या पायरीवर परत या आणि तिथे थांबा.

पायरी ९: त्रास झाला तर

हा कागद फ्रिजवर चिकटवा.

- नुसत्या थोड्या गांधी किंवा तोंडाभोवती लाली: खाणं थांबवा, डॉक्टरांनी दिलेलं पित्ताचं औषध द्या, मुलाजवळ बसून राहा.
- श्वासाला घरघर, सततचा खोकला, आवाज घोगरा, जीभ सुजणं, मूल निस्तेज किंवा गळून जाणं, किंवा पित्त आणि उलटी एकत्र: आधी अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी. मग १०८ ला फोन.
- मुलाला आडवं करा, पाय वर. उलटी होत असेल तर कुशीवर. धाप लागली असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका.

पित्ताच्या औषधाने श्वासाचा त्रास थांबत नाही, त्याची वाट बघत बसू नका. आपल्याकडे अ‍ॅड्रेनॅलिनचं तयार पेन सहज मिळत नाही. म्हणून एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅमची कुपी, सिरिंज आणि मुलाच्या वजनाप्रमाणे किती भरायचं ते मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. मात्रा दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असते. डॉक्टरांसमोर घरातल्या निदान दोघांनी सिरिंज भरायचा सराव करा. वजन वाढलं की आकडा बदलून घ्या.

पायरी १०: घरातल्यांना एकच वाक्य शिकवा

सर्वांत मोठा धोका प्रेमातून येतो. "आता केक चालतो ना, मग चमचाभर पंचामृत घेऊ दे." म्हणून आजी-आजोबा, आत्या, मावशी, सांभाळणाऱ्या ताई, सगळ्यांना हे वाक्य पाठ करायला लावा: भट्टीत अर्धा तास भाजलेलं चालतं, बाकी दूध अजून नाही. देवाचा प्रसाद म्हणून खडीसाखर किंवा दूध-खवा न घातलेली नारळाची वडी हातावर ठेवा. मुलाला प्रसाद मिळतो आणि कुणाचं मनही मोडत नाही.

आमची तिसरी वही सुरू आहे. मुलगी सहा वर्षांची झाली, पिझ्झाची परीक्षा पार पडली, दही अजून व्हायचं आहे. दर रविवारी सासूबाई मफिन करतात. गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा शेवटच्या साच्यापाशी थांबून त्या काट्याकडे बघत होत्या. "चार ग्रॅम कमी आहे गं," म्हणाल्या, आणि भांड्याच्या कडेचं पीठ निरपून त्यांनी ते साच्यात घातलं.